जुळलेल्या कानांची घोडी

रस्त्याकडेची विजेची डीपी फुटली तेव्हा नवरदेव घोडीवर होता आणि घोडीचा लगाम भरतच्या हातात होता. आधी निळा-पांढरा जाळ दिसला, मग छातीचं हाड हलवणारा आवाज आला. डीजेच्या गाडीवर बसलेला माणूस बसल्या जागेवरून खाली आला, नवरदेवाचा मामा कोऱ्या सफारीसकट गटारीत गेला, करवल्या किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. भरतही लगाम सोडून दोन पावलं मागे सरकला होता. बारा वर्षं वराती करणाऱ्या माणसाने असं करू नये, पण जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. घोडी तेवढी होती तिथे उभी होती. लग्नाच्या साजात घोडीच्या कानांवर जरीच्या टोप्या घालतात. नाचणाऱ्यांच्या धक्काबुक्कीत तिच्या डाव्या कानाची टोपी आधीच निसटून गालावर लोंबत होती आणि उघडा कान उन्हात सरळ उभा होता. आवाज झाला त्या क्षणी भरतची नजर नेमकी त्या कानावर होती, आणि तो कान मागे वळला नाही, पुढे आला नाही, थरथरलासुद्धा नाही. नवरदेवाच्या दोस्तांनी टाळ्या पिटल्या. "काय घोडी शे भो! डोळानी पापणी हालनी नही!" गटारीतून वर आलेल्या मामाने, पँट निथळत असतानाच, घोडीला हात जोडले. भरतने हसून मान डोलावली. त्याची नजर मात्र त्या कानावरून हलेना.

मारुतीच्या पारापर्यंत अजून फर्लांगभर जायचं होतं. डीजे पुन्हा सुरू झाला, पोरं पुन्हा नाचू लागली, आणि भरत घोडीच्या मानेपाशी चालत तोंडातल्या तोंडात तिला बोलावू लागला. "बिजली. ए बिजली." डीजेपुढे त्याला स्वतःलाच ऐकू येईना, तिला कुठून येणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. पारावर नवरदेव उतरला, नारळ फुटला, पाहुणे मंडपाकडे वळले, गाडीचा आवाज बंद झाला. पाराच्या मागच्या निंबाखाली घोडी आणि भरत दोघंच उरले. त्याने तिच्या मागे जाऊन चुटकी वाजवली. टाळी वाजवली. खोगिराची लोखंडी रिकीब सोडवून पाराच्या दगडावर आपटली. पारावर झोपलेला म्हातारा उठून बसला आणि त्याने भरतच्या मायबापाचा उद्धार केला. घोडी निंबाच्या पाल्याकडे पाहत होती. मग एक माशी येऊन तिच्या कानाच्या टोकावर बसली, आणि तो कान फटकन हलला. कान चांगला होता. कानाच्या आत काही नव्हतं.

म्हणजे ही घोडी बहिरी आहे, आणि आपण ती विकत घेतली आहे, आणि अडीच महिने आपल्याला ते कळलं नाही. हे तिन्ही विचार एकामागून एक आले आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा लाजिरवाणा होता. दुसऱ्या कुणाचं घोडं असतं तर भरतही हसला असता. नंदुरबारात हसायला विषय लागतो, आणि चुनीलाल टांगेवाल्याच्या पोराने बहिरी घोडी आणली यापेक्षा चांगला विषय येत्या दोन-चार लग्नसराईत मिळाला नसता. त्याने निसटलेली टोपी पुन्हा कानावर चढवली, दोरी घट्ट बांधली, आणि कोरीटच्या रस्त्याला लागला. तिथे, वस्तीच्या शेवटी, घर आणि घराला लागून तबेला होता, आणि तबेल्याच्या दाराशी त्याचे वडील, आबा, बसलेले असणार होते. तीन किलोमीटरची वाट. एप्रिलचं ऊन डांबरातून वर येत होतं आणि घोडीची टापटाप तेवढी ऐकू येत होती, तीही एकालाच.

घेण्याआधी त्याने तिचा व्हिडिओ चाळीस वेळा तरी पाहिला असेल. घोड्यांच्या खरेदी-विक्रीचा एक ग्रुप होता फोनवर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यात घोडी धावत, घोडी नाचत, घोडी मागच्या पायांवर उभी राहून कुठल्यातरी आमदाराला नमस्कार करत. त्यात ही आली. मारवाडची, पांढऱ्या तोंडाची, निळसर डोळ्यांची, आणि कान असे की बघत राहावं. मारवाडी घोड्याची सगळी किंमत कानांत. दोन्ही कान आत वळलेले आणि वर टोकाला टोक जुळलेलं. व्यापारी त्याला कनोती म्हणतात आणि ती दाखवताना घोड्याच्या तोंडाशी मूठ धरतात, म्हणजे कान ताठ होतात. भरतने ते कान मोठे करून पाहिले. टोकांमध्ये केसाइतकी फट आहे का, उजवा जास्त वळलाय का डावा, हे पाहिलं. अंगावरचे केसांचे भोवरे कुठेकुठे आहेत त्याचे फोटो मागवले, कपाळावरचा, छातीवरचा, पोटाखालचा, आणि एकही खोडीचा, अशुभ निघाला नाही. दातांचा फोटो मागवला. खुरांचे चार, चालीचा एक, पाठीमागून एक. व्यापारी कंटाळला नाही. उलट त्याने आपणहून एक व्हिडिओ पाठवला: घोडीच्या चारी बाजूंनी ढोल बडवतायत, पायाशी फटाक्यांची माळ तडतडतेय, आणि घोडी देवळातल्या मूर्तीसारखी उभी. "भाईसाब," तो फोनवर म्हणाला होता, "सर पे बम फोड़ लो, कान नहीं हिलाएगी. आँख बंद करके ले लो." भरतला वाटलं, वरातीची घोडी म्हणावी तर ही. भडकणारी घोडी म्हणजे वरातीवाल्याचं मरण. एकदा नवरदेव खाली पडला की पुढली पाच वर्षं गावात कुणी दारात उभं करत नाही. त्याने कान चाळीस वेळा पाहिले आणि चाळीसही वेळा ते किती सुंदर आहेत एवढंच पाहिलं.

'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' असं आपल्याकडे म्हणतात, आणि म्हणणारा हसत म्हणतो, कारण असा मूर्खपणा दुसराच कुणीतरी करणार असतो. भरत मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर बरं, असं त्याला आता चालताना वाटत होतं. चाळीस किलोमीटरवर, तापीच्या काठी, सारंगखेड्याला दर दत्तजयंतीला देशभरची घोडी येतात. पंजाबातून येतात, उत्तर प्रदेशातून येतात, आणि ती पाहायला हौशी लोक कुठून कुठून गाड्या करून येतात. आणि नंदुरबारचा एक माणूस, ज्याच्या बापाने त्या यात्रेत पन्नास वर्षं काढली, तो दोन महिने थांबून फोनवरून घोडी मागवतो. असं का केलं, हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून उत्तर द्यावं लागलं नव्हतं. उत्तर होतं. ते त्याने स्वतःलासुद्धा आजवर पुरतं सांगितलं नव्हतं.

आबांचा हात. सगळं तिथून सुरू होत होतं. आबांनी, म्हणजे चुनीलालभाऊंनी, घोड्याच्या पायावरून एकदा हात फिरवला की सौदा होत असे किंवा मोडत असे, तिसरं काही नाही. गुजरातचे शेठ लोक गाडी पाठवून त्यांना यात्रेत न्यायचे. ते घोड्याशी काहीतरी पुटपुटत, गुडघ्यापासून खुरापर्यंत हात खाली नेत, आणि मग खांद्यावरचा रुमाल काढत. रुमालाखाली विकणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात; बोटं धरायची, बोटं सोडायची, तोंडातून आकडा काढायचा नाही. भोवती पन्नास माणसं उभी आणि किंमत फक्त दोन हातांना माहीत. लहानपणी भरतला त्या रुमालाखाली हात घालावासा वाटे. आबा म्हणत, "मोठा व्हय मंग." मोठा झाला तेव्हा त्याला रुमाल नको होता. आणि पुन्हा हवा झाला तेव्हा, चार वर्षांपूर्वी, आबांनी त्याला यात्रेत नेलं, स्वतः बाजेवर बसले आणि म्हणाले, देख. एका शिंगरीभोवती माणसं जमली होती. कुणीतरी ओळखलं, "चुनीलालभाऊना आंडोर ना हाऊ?" आणि सगळे गप्प झाले, बाजूला झाले, बापाचा हात मुलात उतरलाय का ते पाहायला. भरत वाकला. त्याने तिच्या पायावर हात ठेवला. हाताला केस लागले, केसांखाली गरम कातडं लागलं, कातड्याखाली हाड लागलं. त्यापुढे काहीच लागलं नाही. काय लागायला हवं हेच त्याला माहीत नव्हतं. तरी तो हात फिरवत राहिला, बापासारखं तोंड करून, आणि म्हणाला, पाय चांगले आहेत. आबा बाजेवरून उठले, जवळ आले, त्याचं मनगट धरून तो हात घोडीच्या पायावरून उचलून बाजूला ठेवला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. रागावून नाही. दुसऱ्याच्या घरी पोराने हातात घेतलेली काचेची वस्तू काढून ठेवावी, तितक्या हळू. लोक हसलेसुद्धा नाहीत. हसले असते तर त्यांच्यावर चिडता आलं असतं.

गेल्या नोव्हेंबरात जुनी चंद्री पोटशूळाने गेली आणि नवी घोडी घेणं भाग पडलं. डिसेंबरात भरत एकटा मोटरसायकलवर निघाला. तापीच्या पुलावर आला तेव्हा खाली यात्रेचे तंबू दिसत होते, धूळ दिसत होती, वाऱ्यावर लिदीचा आणि भज्यांच्या तेलाचा वास येत होता. पुलाच्या मध्यावर त्याने गाडी थांबवली. खाली दोन हजार घोडी असतील आणि प्रत्येक घोडीभोवती आबांना ओळखणारा एक तरी माणूस. तो तिथे अर्धा तास उभा राहिला. मग गाडी वळवली, वाटेत एका टपरीवर चहा घेतला, आणि घरी येऊन म्हणाला की यंदा माल हलका आहे. फोनवर घोडी घेताना भोवती माणसं नसतात, हे त्याचं खरं कारण होतं. न पाहता घेतल्याने नुकसान झालं असं कुणीही म्हणेल. त्याला घोडी पाहायची नव्हती असं नाही. घोडी पाहताना कुणी आपल्याला पाहू नये एवढंच त्याला हवं होतं.

घोडी आली ती फेब्रुवारीत, पिकअपमधून, दोन दिवसांचा प्रवास करून. त्याच्या आदल्या दिवशी आबांनी विचारलं होतं, "सोता हात लाईसन आनी ना?" आणि भरत म्हणाला होता, "हा. सोता. सुरतकडे गयथू ना मी." एवढंच. खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत, आणि आबा पुढे काही विचारणाऱ्यांपैकी नव्हते. तसे ते कुणाशी बोलतच नव्हते. आई गेली, दगूबाई, त्यानंतर बोलणं निम्मं झालं होतं. चंद्री गेल्यावर उरलेलं संपलं. जेवायला बोलावलं की यायचे, ताट सरकवायचे, तबेल्याच्या रिकाम्या दाराशी जाऊन बसायचे. भरतची बायको ममता म्हणायची, "म्हाताराले काय व्हयनं, डॉक्टरले दखाडा." डॉक्टर म्हणाला, वय झालं. मग ही घोडी पिकअपमधून उतरली, आबा काठी टेकत पुढे झाले, तिच्यासमोर उभे राहिले, बराच वेळ. "गुणनी शे," म्हणाले. भरतच्या खांद्यावरून गोणी उतरल्यासारखं झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून आबा बोलू लागले. घोडीशी. सकाळी खरारा करताना, दुपारी हरभरा भिजवताना, दिवसभर. तिला 'माय' म्हणायचे. आईबद्दल सांगायचे, टांग्याबद्दल, स्टेशनावर सुरतची गाडी यायची त्या दिवसांबद्दल, कुठल्या रंगाच्या घोड्याचं रक्त गरम असतं आणि कुठला पाय आधी म्हातारा होतो त्याबद्दल. ममता चुलीशी हसायची. "आबा आते बोलाले लागनात. घोडी पायगुणनी शे तुम्हनी." भरतला त्या दिवसांत रात्री झोप चांगली लागत असे. बापाने तोंडाने म्हटलं नसेल, पण आपण आणलेल्या घोडीशी बाप बोलतोय, म्हणजे आपल्या हाताला त्याने मान दिला, असा हिशेब त्याने केला होता.

आणि आता हे. बाप अडीच महिने भिंतीशी बोलत होता आणि ती भिंत आपण मारवाडातून गाडीभाडं देऊन आणली. भरतला रडू आलं असतं, पण रस्त्यावर माणसं होती आणि वरातीचा फेटा अजून डोक्यावर होता. त्याने फोन काढून व्यापाऱ्याला लावला. तो लगेच बोलला, फारच आनंदाने. "कैसी है हमारी बिजली?" भरत म्हणाला, बहिरी आहे. मग तो माणूस खरोखरच दुखावल्या आवाजात म्हणाला, "मैंने तो पहले ही बोला था भाईसाब, कान नहीं हिलाएगी. आपने एक बार भी पूछा, क्यों नहीं हिलाएगी?" भरतने फोन बंद केला. मोठी शिवी तोंडावर आली होती, पण ती कुणाला द्यायची ते कळेना. फसवणाऱ्याने खरं सांगून फसवलं तर माणसाने तक्रार कुठे न्यायची.

चिडायलासुद्धा काही कारण नव्हतं, हे सगळ्यात वाईट. धंद्याच्या हिशेबाने याहून चांगली घोडी मिळणार नव्हती. डीजे वाजो, डीपी फुटो. या सराईत एकही नवरदेव पडला नव्हता, लोक फोन करून 'ती पांढरा तोंडनीच घोडी' मागत होते. गप्प बसलं की झालं. आबांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना जितके दिवस बोलायचं तितके दिवस बोलू द्यावं. पण मग डोळ्यांपुढे आबा येत, काठीवर हनुवटी टेकवून घोडीच्या तोंडाकडे पाहत, मध्येच थांबून तिच्या उत्तराची वाट पाहणारे, आणि भरतला चालता चालता घाम फुटे. सांगितलं तर ते पुन्हा गप्प होतील, आणि या खेपेला कायमचे. वर सुरतेचं खोटं उघडं पडेल. ज्याने सोता हात लावला त्याला बहिरेपण कळलं नाही, असं होत नाही. नाही सांगितलं तर अख्ख्या खानदेशाला घोडं शिकवणारा माणूस स्वतःच्या दारात वेड्यासारखा बोलत बसेल आणि ते आपण बघायचं, खिडकीतून, रोज.

दुकानाचे दिवस आठवायला नको होते, पण ऊन डोक्यावर आलं की नको तेच आठवतं. भरतने एकविसाव्या वर्षी स्टेशनाजवळ रिचार्जचं दुकान टाकलं. आबा तेव्हा रोज पहाटे हाक मारायचे, चाल, घोडं फिरवायला. तो पांघरूण डोक्यावर घ्यायचा. फोनच्या जमान्यात घोडं कोण विचारतं, असं तो त्या दहा वर्षांत किती वेळा म्हणाला त्याला गणती नाही. एकदा दुपारी आबा दुकानात आले. कधी येत नसत. काउंटरच्या पलीकडे उभे राहिले आणि काहीतरी सांगू लागले. भरतच्या कानांत इअरफोन होते, समोर कुणाचातरी उघडा फोन होता, त्याने मान डोलावली, हसला, पुन्हा मान डोलावली. आबांचे ओठ हलत होते. बराच वेळ बोलले ते. मग थांबले, त्याच्याकडे पाहिलं, आणि निघून गेले. भरतने इअरफोन काढले तेव्हा ते रस्त्यापलीकडे पोचले होते. काय सांगायला आले होते हे त्याने त्या संध्याकाळी विचारलं नाही, उद्या विचारू म्हटलं, आणि त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली. पुढे सगळ्यांचं रिचार्ज ज्याच्या त्याच्या फोनवरून होऊ लागलं, दुकान बसलं, आणि तो तबेल्यात परत आला. वरातीमागून घोडं म्हणतात तसा. आबांनी नको म्हटलं नाही. लगाम हातात दिला. नाल कधी बदलायचा, दाणा किती घालायचा, नवरदेवाला कसा चढवायचा, एवढं सांगितलं. नोकराला सांगतात तितकं. बाकीचं त्यांच्या हातात होतं ते त्यांनी हातातच ठेवलं.

वस्तीशी आल्यावर त्याला दुरूनच दिसलं, आबा दाराशी उभे होते. बादलीत हरभरा होता. भरत जवळ आला तसे ते त्याच्याकडे न पाहता घोडीकडे गेले, आणि आज पहिल्यांदाच भरतने ते नीट पाहिलं: म्हाताऱ्याने आधी काठी दोनदा जमिनीवर आपटली, मग वळसा घालून तिच्या समोर आला, तिला दिसेल असा, मग तिच्या खांद्यावर तळहात टेकला, आणि मगच तोंड उघडलं. रोज असंच करत असतील. अडीच महिने डोळ्यांसमोर होतं. "उनी का माय," आबा म्हणाले. "तपी गई ना? ऊन काय कमी शे? आते दान खाय, मंग पाणी. पहिले पाणी नही." घोडीने बादलीत तोंड घातलं. आबा खरारा घेऊन तिच्या मानेशी लागले आणि बोलत राहिले. भरत फेटा हातात घेऊन उभा होता. ममता आतून पाणी आणत होती ते त्याने हातानेच नको म्हटलं. एवढी वाट चालताना त्याने गप्प बसायचं ठरवलं होतं. कुठल्या वळणावर ते मोडलं त्याला कळलं नव्हतं.

"आबा," तो म्हणाला, "घोडी बहिरी शे."

खरारा थांबला नाही. वरून खाली, वरून खाली, मानेच्या घामाची पांढरी रेघ निघून गेली.

"माले मालूम शे," आबा म्हणाले. "पहिलाच दिनले समजनं. दोन्ही समजनं."

"दोन्ही काय?"

"ती बहिरी शे, आनि तू तिले देखाले गयाच नव्हता. पिकअपमाईन उतरी तवय तू तिले कसा देखी ऱ्हायना व्हता. आपली देखेल घोडीले कोनी असं देखस का?"

अडीच महिने त्याने जे जपलं, जे झाकलं, ते या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत पाहून बाजूला ठेवलं होतं, त्याचं मनगट ठेवलं होतं तसंच. त्याला वाटलं, आता ते रागावतील. त्यांनी रागवावं असं त्याला फार मनापासून वाटलं. पण आबा खरारा झटकत होते.

"मंग सांगं काबर नही?"

"कोनले सांगू?"

"माले! मी काय आठे नव्हतू?" त्याचा आवाज चढला. दारात ममता थबकली. "तिले आयकू येत नही हाई मालूम शे तुम्हले, तरी दिनभर तिनासंगे बोलतस. मायनं सांगतस, घोडासनं सांगतस. पायले हात कसा लावाना ते बी तिले सांगतस. मन्हासंगे दोन शब्द नही. मी काय बहिरा शे?"

आबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, दुःखही नव्हतं. बाजारात दुसऱ्याच्या घोड्याकडे पाहावं तितपत त्यांनी पाहिलं.

"तिले आयकू येत नही," ते म्हणाले. "त्यामा तिना काय गुन्हा?"

ममता पाण्याचा तांब्या तसाच घेऊन आत गेली. आबा खाली वाकले, घोडीच्या पुढच्या पायाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तुटलेलं बोलणं पुढे सुरू केलं, की माय, हाड गरम लागनं ते वाईट नही, गरम आठे लागनं अन् आठे नही लागनं ते वाईट, आंगठा असा धराना, आसा. तोच पाय, तोच हात, तेच जे यात्रेत त्या दिवशी भरतच्या हाताला लागलं नव्हतं. भरतने फेटा खुंटीला अडकवला. तो वाकला, नीट ऐकू यावं म्हणून एक पाऊल पुढे सरला. आबांनी बोलणं थांबवलं नाही. आवाज खाली आणला, सरळ झाले, घोडीच्या कानावरची जरीची टोपी सारली, आणि तोंड त्या कानाशी नेऊन राहिलेलं सांगू लागले.